संत इत्यादी यांचे अल्पचरित्र

माणसाबद्दल जितकी कमी माहिती असेल, तितका त्याचा आदर करणे सोपे जाते. (नातेवाइकांवरून पडताळून पाहावे.) या न्यायाने आमच्या चर्चचे हुतात्मे संत इत्यादी फारच आदरणीय ठरतात.

त्यांचे चरित्र असे. ख्रिस्ती माणसाला सिंहापुढे सोडण्याची पद्धत होती त्या काळात, एका कारकुनाने एका दुपारी मारलेल्यांची यादी केली. तीन नावे लिहिली, कंटाळा आला, पुढे ‘इत्यादी’ लिहून तो जेवायला गेला. शेदोनशे वर्षांनी नक्कल करणाऱ्याला ते चौथे नाव वाटले. त्याने चौघांच्याही आधी ‘संत’ लावले. चरित्र संपले.

हुतात्म्याच्या हातात, ज्याने त्याला मारले ते हत्यार देतात. इथे ते ठाऊक नसल्याने मूर्तिकाराने हात नुसताच पुढे केलेला ठेवला. त्यावर छत्र्या चांगल्या राहतात. चेहरा त्याने आपल्या सासऱ्याचा दिला म्हणतात. भाव जरा तक्रारीचे आहेत.

माझी बायको एकतीस वर्षे दर शनिवारी हा पुतळा पुसायची. “अहो, मोठ्या संतांकडे गर्दी असते. हा बिचारा रिकामाच असतो, लगेच ऐकतो,” असे तिचे म्हणणे. तिच्या मागण्यांपैकी बहात्तर टक्के मान्य झाल्या. उरलेल्या माझ्या स्वभावाविषयी होत्या. शेवटची मागणी मी केली, दवाखान्यातून. ती या आकड्यात धरलेली नाही.

वर्षाअखेरीस चर्चने दिवंगतांचे पत्रक छापले: ‘माजी विश्वस्त, डॉक्टरसाहेब, मुख्याध्यापिकाबाई, इत्यादी.’ माझी बायको तिसऱ्या स्वल्पविरामानंतर आहे.

त्याच महिन्यात वरिष्ठ कार्यालयाचे तपासनीस फादर आले. वय तिशीचे, चष्मा जाड. असा कोणी संत नाही, पुतळा अडगळीच्या खोलीत हलवावा, हरकत असल्यास सांगावी, असे त्यांनी जाहीर केले. हरकत मी एकट्याने घेतली.

“काका, इत्यादी म्हणजे माणूस नव्हे हो.”

“मग किती माणसं?”

“ते कसं सांगणार? दोन असतील, दोनशे असतील.”

“मारली ती खरीच ना?”

“मारली तर असणारच.”

“म्हणजे एकाच्या जागी दोनशे निघाले, आणि तुम्ही अडगळीत टाकताय.”

फादरांनी चष्मा पुसला. पुसून झालेला पुन्हा पुसला. “काकू यांच्याकडे यायच्या का?” त्यांनी विचारले. मी पत्रक पुढे केले. त्यांनी ते वाचले, स्वल्पविरामांसकट.

अहवाल दोन ओळींचा झाला. पुतळा जागेवर राहील. मात्र भाविकांची दिशाभूल टाळण्यासाठी खाली खरी माहिती लिहावी. त्याप्रमाणे पाटी लावली: ‘ज्यांची नावे लिहायचा कंटाळा आला, ते.’

दिशाभूल पूर्ण टळली आहे. आता सुताराच्या आईपासून विश्वस्तांच्या मोलकरणीपर्यंत सगळे कोणाला ना कोणाला भेटायला तिथे येतात. शनिवारी पुसायला मला कोपराने वाट काढावी लागते.

तुम्हालाही यावेसे वाटेल. घाई नाही. तुमच्या घरची माणसे तुम्हाला भेटायला इथे येऊ लागतील, तेव्हा मी त्यांना पुतळा दाखवीन. नाव मात्र विचारणार नाही.