रहांगडाले काकांचं नाक

आमच्या फुलचूरच्या एका लग्नात रहांगडाले काकांनी वाढलेलं ताट दोन्ही हातांनी उचललं, नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि जाहीर केलं, "याच्यासंग गजराबाई पाहिजे होती."

वाढपी थबकला. समोरच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नवरीचा बाप धावत आला आणि हळूच विचारू लागला, "काकाजी, कोण गजराबाई? आमंत्रण द्यायचं राहून गेलं का?"

गजराबाई ही बाई नाही, वाइन आहे. फ्रान्सच्या आल्सास भागात होते. खरं नाव गेवुर्झट्रामिनर. ते काकांच्या तोंडात मावेना, आणि वास तर गुलाबाच्या गजऱ्यासारखा, म्हणून गजराबाई. तिथल्या ज्या म्हाताऱ्याने ती काकांना दाखवली त्याचं नाव मोरीस. काका त्याला मोरेश्वर म्हणतात. आणि गंमत अशी की काकांनी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही. ते फक्त हुंगतात.

हुंगणं हाच त्यांचा धंदा. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये काका तीस वर्षं धान पारखत होते. मूठभर धान तळहातावर चोळायचं, नाकाशी धरायचं आणि गाडीवाल्याला सांगायचं, "हे ओलंच भरलं तू. परत ने." गाडीवाला भांडायचा. पोतं फोडलं की आत हात घालवेना इतकं धान तापलेलं निघायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी वैशाली. ती शेतकी शिकली, मग द्राक्षांचं शिकायला फ्रान्सला गेली आणि मोरीसच्या छोट्याशा वायनरीत कामाला लागली. काका वर्षभर तिच्याशी धड बोलले नाहीत. मला म्हणायचे, "मास्तर, म्या जिंदगीभर अन्न निवडलं, अन् पोरगी दारू गाळून राहिली." शेवटी तिने तिकीटच पाठवलं. काका द्राक्षतोडीच्या हंगामात दोन महिने राहून आले.

तिथे मोरीसने एक ग्लास त्यांच्या नाकाखाली धरला. काका मराठीत म्हणाले, "पाऊस पडून गेल्यावर गिट्टी सुकते ना, तसा वास आहे." वैशालीने भाषांतर केलं आणि मोरीसने काकांना मिठीच मारली. ती रिस्लिंग नावाची वाइन होती, आणि तिच्यात दगडाचाच वास यायला हवा होता. मग दोघे रोज संध्याकाळी तळघरात बसायचे. नदीच्या मासोळीबरोबर रिस्लिंग, कांदा घालून भाजलेल्या पातळ भाकरीबरोबर दुसरी कुठली, आणि तिथलं एक चीज, जे काकांच्या मते "मेलेला उंदीर" होतं, त्याच्याबरोबर गजराबाई. मोरीसचा नियम एकच: ज्या गावची वाइन, त्याच गावचं जेवण.

परत आल्यावर काकांनी तो नियम मोडून गोंदिया जिल्हा कामाला लावला. कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या? रिस्लिंग. केशोरीच्या मिरचीचा ठेचा? गजराबाई. "आगीले फुलानं विझवा लागते," ते म्हणायचे. दर रविवारी दुपारी वैशालीचा व्हिडिओ फोन यायचा. काका आपल्या ताटातला वास सांगायचे, ती तिकडून वाइन सांगायची. कधी दोघांचं भांडणही व्हायचं. अर्धा तास सहज जायचा.

मागच्या दिवाळीआधी मी त्यांच्याकडे वर्तमानपत्र मागायला गेलो. दार उघडताच गॅसचा भपकारा आला. काका पुढच्या खोलीत शांतपणे लसूण सोलत बसले होते. मी धावत जाऊन शेगडीचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि ओरडलो, "काका, एवढा वास येतोय!"

काकांनी लसूण खाली ठेवला.

"मले नाई आला," ते म्हणाले. "दोन वर्स झाले. तो मोठा ताप आलता ना, तवापासून काईच येत नाई. फूल नाई, शेण नाई. डाक्टर म्हणते, आता येनं कठीण आहे."

"आणि लग्नातलं ताट?"

"पाठ आहे ना सारं. रंग पाहिला का वास आठवते." मग माझा हात धरून म्हणाले, "वैशालीले सांगू नको मास्तर. तिले वाटन, बाप एकटा आहे, त्याले गॅसचाही वास येत नाई. सारं सोडून इथं येऊन बसन."

मी शब्द दिला.

डिसेंबरात वैशाली आली. तिच्या हातात एक बाटली होती. मोरीसने त्या वर्षी एक पिंप पूर्णपणे तिच्यावर सोपवलं होतं. ही तिची स्वतःची पहिली वाइन. बाबांनी हुंगून सांगितल्याशिवाय ती कोणाला देणार नव्हती.

काकांनी मला आदल्या दिवशी बोलावून डाव आखला. "तू पयले हुंग. फुलाचा वास आला त डाव्या कानाले हात लाव, फळाचा आला त उजव्या."

तळ्यातल्या मासोळीचा रस्सा झाला. वैशालीने ग्लास भरले. मी हुंगलं. मला होमिओपॅथीच्या दवाखान्याचा वास आला. त्याला कान ठरला नव्हता. मी दोन्ही कान धरून बसलो.

काकांनी माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. मग ग्लास उचलून कितीतरी वेळ नाकाशी धरला आणि म्हणाले, "घाई नाई केली तू. मन लावून केलं. समजते."

वैशाली उठून आत गेली.

निघताना ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "दादा, बाबाले वास येत नाई, मले मालूम आहे."

मी उघडलेलं फाटक पुन्हा लावून घेतलं.

"दीड वर्स झालं. फोनवर मले नव्या तांदळाचा वास सांगून राहिले होते, अन् मागं गॅसवरच्या गंजातला भात करपून सारा धूर. त्यायले पत्ताच नाई."

"मग आज हे कायले विचारलं?"

"नाई विचारलं त बोलू काय आम्ही?" ती म्हणाली. "आमचं सारं बोलणं वासाचंच आहे. त्यायले सांगू नका. फक्त रोज सकाळी चहाले येत जा, गॅस पाहत जा."

तेव्हापासून मी रोज सकाळी काकांकडे चहाला जातो आणि आधी स्वयंपाकघरात डोकावतो. काकांना वाटतं, ते साखर किती टाकतात हे मी बघतो.

परवा रविवारी फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. वैशालीने तिकडून कॅमेऱ्यासमोर ग्लास धरला. "बाबा, आताच पिंपातून काढली. पाहा बरं."

काकांनी मोबाइल नाकाशी नेला. डोळे मिटले. मी हसू दाबत होतो.

"तू चार वर्साची होतीस," काका म्हणाले. "माय गेल्यावर तुले मिलमध्ये घेऊन जायचो. दुपारी पोत्यावर झोपायचीस. उचललं का तुह्या केसाले नव्या धानाचा वास यायचा. तसा आहे थोडा."

काकांचे डोळे मिटलेलेच होते. मला बाजूने स्क्रीन दिसत होता. वैशालीने ग्लास खाली ठेवला होता, आणि मान खाली घालून ती ते शब्द वहीत उतरवून घेत होती.