भूमी कॉमा श्रम

कॉम्प्युटरच्या बाबतीत अख्ख्या नेरे गावात माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे मी अत्यंत नम्रपणे सांगतो! सन २००९. मी मूळचा लातूरचा, नोकरी हिंजवडीत आणि भाड्याची खोली नेऱ्यात, एकनाथकाकांच्या घरी.

काकांची जया बारावीला होती. तिला जन्मापासून दिसत नाही. शेजारची चुलतबहीण आरोही तिला पुस्तक वाचून दाखवायची. पण कंटाळा आला की बाईसाहेब सरळ पानं गिळायच्या! सहामाहीला जया अर्थशास्त्रात आपटली ती या गिळलेल्या पानांमुळे. आता बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती.

"माजं मला वाचता यायला पायजे, दादा," जया म्हणाली. "पुन्यांदा वाच म्हनलं की कुणी तोंड वाकडं करायला नको."

"एवढंच ना? शनिवारी करून टाकतो!"

पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर मी शोधून काढलं. अर्थशास्त्राचा धडा ऑफिसात बसून टाइप केला. साहेब दोनदा मागून गेले आणि माझ्या कष्टाळूपणावर खूश झाले. मराठी आवाज काही मिळेना, म्हणून हिंदी बसवला. सर्दी झालेल्या भय्याने मराठी बोलावं तसा! शिवाय तो स्वल्पविरामाला 'कॉमा' म्हणायचा. माझा कॉम्प्युटर जयाच्या खोलीत मांडला, दोन मोठे स्पीकर खिडकीत ठेवले आणि आवाज पूर्ण सोडला. जयाला दिसत नाही, ऐकू उत्तम येतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही!

जया हरखून गेली. बटण दाबून तेच वाक्य परत परत वदवून घ्यायला लागली. "ह्यो रागवतच न्हाई की वो!" मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो, छाती फुगवून.

भिंतीपलीकडे भिवाजीकाका म्हशीची धार काढत होते. हे आरोहीचे वडील आणि एकनाथकाकांचे चुलतभाऊ. दोघांची जमीन अजून सामाईक. त्या दिवसांत आमच्याकडे जमिनीचे भाव असे पेटले होते, की हिंदी वळणाचं बोलणारा माणूस कुणाच्या घरात शिरला की तो एजंटच! आणि भिवाजीकाकांच्या कानावर काय पडलं?

"भूमी कॉमा श्रम कॉमा भांडवल. जमिनीला मागणी वाढली की मोबदला वाढतो. जमिनीला मागणी वाढली की मोबदला वाढतो. जमिनीला मागणी..."

एजंट हटूनच बसलाय की! त्यातून एकनाथकाका सकाळीच पौडला गेलेले. बारशाला गेले होते बिचारे. पण पौडला तहसील कचेरी आहे ना!

"एकन्या कागद करायला गेलाय!" भिवाजीकाका गरजले. बादली तिथंच टाकून त्यांनी भावकी गोळा केली. मंडळी दारात आली आणि नेमकी त्याच क्षणी लाईट गेली. आवाज बंद.

"कुटं हाय त्यो एजंट?"

"काका, एजंट नाही, कॉम्प्युटर बोलत होता!"

"मग बोलव की त्येला."

"लाईट गेलीय..."

"लाईट गेली की एजंट बी गेला व्हय? लई भारी!"

कुणी खाटेखाली वाकून पाहिलं, कुणी कणगीत हात घातला. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी मला एक नामी कल्पना सुचली. मी नाक दाबलं आणि कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल केली, "भूमी कॉमा श्रम कॉमा..."

"ह्योच! ह्योच त्यो आवाज!" भिवाजीकाकांनी माझी कॉलर धरली. "आमच्यातच ऱ्हाऊन आमचाच सौदा करतोय!"

"सोडा त्यास्नी, काका!" जया उठून उभी राहिली. "धडा हाय त्यो माजा. आयका."

आणि तिने पहिल्या ओळीपासून धडा म्हणायला सुरुवात केली. घडाघडा, सगळ्या कॉमांसकट! भावकी तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली. मला तर भरूनच आलं. कॉलर काकांच्या मुठीत असतानाच मी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात गर्दीतून आरोहीचा आवाज आला, "अगं बया! ह्ये पान तर मी वाचलंच नव्हतं!"

भिवाजीकाकांनी माझी कॉलर सोडली आणि ते सावकाश लेकीकडे वळले. "कोन्तं पान, गं?"

आरोही पळाली, तिच्या मागे काका आणि काकांच्या मागे हसत हसत भावकी. लाईट आली. मी कॉम्प्युटर चालू केला आणि भय्याने पुन्हा सूर धरला.

"बघितलंस?" मी कॉलर सारखी करत म्हणालो. "आता पेपर तुझ्या खिशात! अजून काय आणून देऊ, बोल!"

"हेडफोन."

मी कपाळावर हात मारला. आयटीतला माणूस मी, आणि हे सुचू नये? "खरंच की! भिवाजीकाकांना परत ऐकू जायला नको."

"काकांचं न्हाई वो, दादा," जया हळूच म्हणाली. "तुमी हितं बसून वाक्यागनिक 'समजलं का, समजलं का' इचारता. तेवढं ऐकू न्हाई आलं, तर माजा अभ्यास हुईल."

दुसऱ्याच दिवशी हेडफोन आणून दिले, चांगल्यातले. बाहेरचा आवाज आत अजिबात जात नाही, अशी दुकानदाराने खात्री दिली होती. खरंच जात नाही! मी दारात उभं राहून तीन-चारदा विचारून पाहिलं.