पलंगाखालून दिलेली परीक्षा

इलेक्ट्रिशियनला बोलवायचं नाही, हे मी ठरवलं. एक सैल झालेलं सॉकेट बसवायचं, त्यासाठी अख्ख्या डुलूथ गावात फोन कशाला फिरवायचे? मी म्हटलं, "मार्लिस, दोन मिनिटांचं काम आहे." (मागे अशाच दोन मिनिटांत मी आमचं भांडी धुण्याचं यंत्र कायमचं शांत केलं होतं. पण ते जाऊ द्या.)

मार्लिस माझी बायको. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात तिने मुलांना वाढलं. त्यातली काही अडखळत बोलणारी पोरं 'मॅकरोनी' म्हणता येत नाही म्हणून मुकाट्याने सूप घेऊन जायची. ते बघून पन्नाशीनंतर तिच्या मनाने घेतलं, की विद्यापीठात जायचं आणि अशा मुलांना बोलतं करायचं शास्त्र शिकायचं. त्याला प्रवेशपरीक्षा. त्यात इंग्रजीचे लांबलचक उतारे, आणि आमच्या गावात आजवर कुणी उच्चारले नसतील असे शब्द. सबंध हिवाळा मी भांडी विसळत तिला शब्द विचारत होतो. तिचे पाठ झाले. माझेही झाले, असा माझा समज होता.

परीक्षा घरूनच द्यायची, लॅपटॉपवर. निरीक्षक कुठूनतरी कॅमेऱ्यातून बघत राहणार. खोलीत दुसरं माणूस सापडलं की परीक्षा रद्द. अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, म्हणजे रद्द झाली की वर्ष वाया.

परीक्षेच्या सकाळी ती कॉफी आणायला गेली, तेवढ्यात मी आपला खात्री करायला पलंगाखाली शिरलो. इंटरनेटच्या डबीची पिन तिथे, मी बसवलेल्या सॉकेटमध्ये होती. नुसता हात लावला आणि पिन बाहेर. खोचली, पुन्हा बाहेर. दाबून धरली तरच डबीचा दिवा लागायचा. म्हणून धरली. तोवर दार लागलं, खुर्ची सरकली आणि लॅपटॉपमधून आवाज आला, "गुड मॉर्निंग मॅडम. मी टॅनर, तुमचा निरीक्षक. खोलीत आणखी कुणी आहे?"

"कुणी नाही. नवरा बाहेर बर्फ उपसतोय."

माझी पाचावर धारण बसली. बाहेर यावं तर पिन सुटणार, नाही यावं तर बायको खोटी पडणार. टॅनरने भिंती बघितल्या, टेबलाखाली बघितलं. पलंगाखाली बघावं, असं त्या सभ्य पोराच्या मनात आलं नाही. परीक्षा सुरू झाली.

थोड्या वेळाने दाराची घंटा वाजली. शेजारची आर्डिस! आमच्याकडे कुणी आजारी पडो नाहीतर परीक्षेला बसो, शेजारीण भाजलेल्या बटाट्या-खिम्याचं भांडं घेऊन हजर.

"व्हर्न! अरे, दार उघड! मेलास की काय?"

"कुठे उलथलाय हा माणूस?" मार्लिस पुटपुटली.

"मॅडम, बोलू नका," टॅनर म्हणाला.

मी पिन धरून पडून राहिलो. हाताला मुंग्या आल्या, नाकात धूळ गेली. मार्लिसचे सुस्कारे ऐकून मला तिची दया येत होती आणि स्वतःची लाज वाटत होती. अखेर तिने शेवटचं उत्तर दिलं, "झालं बाई!" म्हणाली, आणि मी शिंकलो.

"मॅडम," टॅनर म्हणाला, "पलंग शिंकला."

मार्लिसने लॅपटॉप उचलून खाली धरला. तिच्या चेहऱ्याबद्दल मी काही लिहीत नाही.

"सर, तुम्ही यांना उत्तरं सांगितलीत?"

"मुळीच नाही!" मी पिन न सोडता म्हणालो. "मला सगळी येत होती, तरी नाही सांगितली!"

"गप्प बस, व्हर्न," मार्लिस म्हणाली.

"का गप्प बसू? विचार रे, कुठलाही शब्द विचार!"

त्याने एक शब्द विचारला. मी म्हटलं, "एक प्रकारचा मासा." त्याने दुसरा विचारला. "माशाला होणारा रोग." तिसऱ्याला मी जरा विचार केला. "हाही मासाच. पण खाऱ्या पाण्यातला."

टॅनरने चौथा शब्द विचारलाच नाही. मग म्हणाला, "रेकॉर्डिंग समितीकडे जाईल. तोवर निकाल राखून ठेवतोय."

पुढचे दिवस मार्लिस माझ्याशी फक्त आर्डिसमार्फत बोलत होती. मुदतीच्या आदल्या दिवशी समितीच्या बाईंचा फोन आला. मार्लिसने तो मलाही ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"तुमचे गुण कायम. आणि फार छान गुण आहेत."

मार्लिसने दोन्ही हातांनी फोन जवळ ओढला. मी मध्येच विचारलं, "म्हणजे माझ्या प्रामाणिकपणावर समितीचा विश्वास बसला तर?"

"प्रामाणिकपणाचा विषयच निघाला नाही," बाई म्हणाल्या. "रेकॉर्डिंग आम्ही सगळ्यांनी पाहिलं, काहींनी आग्रहाने दोनदा. पलंगाखालच्या गृहस्थांची कुणालाही मदत होणं शक्य नाही, यावर लगेच एकमत झालं. वेळ गेला तो वेगळ्याच मुद्द्यावर. इतका वेळ ते खोलीत होते, तेव्हा मॅडमना नुकसानभरपाईचे वाढीव गुण द्यावेत की काय!"