झरोक्यांचा निवारा

हे कोणाला पटायचं नाही, पण पैजेवर सांगतो. उजेड ही निसर्गाची देणगी आहे, आणि तो माणसावर कितपत पडू द्यायचा हे ठरवणं समितीचं कर्तव्य आहे. इथपर्यंत तरी दुमत नसावं.

बसथांब्यावरच्या निवाऱ्याचं काम ज्या आरेखकाकडे आलं, त्याला सगळे गुण्या म्हणत. सुतार काटकोन तपासायला वापरतो तो गुण्या. याचं चालणं, बोलणं आणि भांगसुद्धा तसंच नव्वद अंशांत असे. या कामात त्याचा जीव अडकला होता. बायकोचे मामा चष्मा बदलायला म्हणून दोन दिवसांसाठी आले होते, आणि नवा चष्मा जुना व्हायला आला तरी त्यांचा पाय निघत नव्हता. पलंगावर मामा, सतरंजीवर गुण्या. "जायचंच आहे हो जावईबापू, पण उन्हात थांब्यावर उभं राहवत नाही," एवढीच त्यांची अडचण. (अडचण रास्त होती. घोरणं ही वेगळी बाब.) निवारा उभा राहिला की मामा मार्गी लागतील आणि आपली पाठ पलंगाला, असा गुण्याचा सरळ हिशेब.

त्याने तयार पॅनेलचा, नटबोल्टांनी जोडायचा, आटोपशीर निवारा काढला. खिडक्या कमरेइतक्या उंचीवर. समितीने तोंड भरून स्तुती केली आणि खिडक्या जरा वर घ्यायला सांगितल्या, म्हणजे पोरं हात बाहेर काढणार नाहीत. पुढच्या बैठकीत त्या खांद्यापर्यंत चढल्या, कारण सूचना लावायला भिंत हवी. (सूचना: भिंतीवर काही लावू नये.) मग येणाऱ्याजाणाऱ्यांनी आत डोकावू नये म्हणून छताला भिडल्या. दार रस्त्याकडे ठेवलं तर प्रवासी रस्त्यावर येतील, अशी रास्त भीती एका ज्येष्ठ सदस्याने घातली. दार मागे गेलं.

निवारा झाला. आत उजेड असा, की सुईत दोरा ओवावा. मामा सकाळी पिशवी घेऊन निघाले आणि जेवायला परत आले.

"काय सुरेख उजेड आहे! अख्खा पेपर वाचून काढला," ते म्हणाले. "बस तेवढी दिसली नाही."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही दिवशी. ड्रायव्हरला नियम होता: प्रवासी दिसला तरच थांबायचं. त्याला रोज एक स्वच्छ भिंत दिसे.

निवारा मात्र कमालीचा यशस्वी ठरला. बस उशिरा येते ही तक्रार शून्यावर आली (बस आलेली कोणी पाहिलीच नव्हती). प्रवासीच नाहीत म्हणून परिवहन खात्याने फेरी बंद करायचा प्रस्ताव आणला. गर्दी मावत नाही म्हणून बांधकाम खात्याने दुसऱ्या निवाऱ्याचा. दोन्ही प्रस्तावांचं एकमताने स्वागत झालं.

घरी गुण्या मामांबद्दल काही पुटपुटला, तर बायकोने एका वाक्यात त्याचा निकाल लावला. "बस थांबत नाही यात मामांचा काय दोष? निवारा कोणी काढलाय?"

खिडक्या खाली आणायच्या तर चूक झाली असं कबूल करावं लागणार, आणि इकडे सत्कार ठरलेला. गुण्याने काटकोनात विचार केला: खिडकी खाली येत नसेल तर माणूस वर जाईल. त्याने बाकाचे पाय वाढवले, बाकाला शिडी लावली. आता मामांना बस लांबूनच दिसे. पण शिडी उतरून, मागच्या दाराने वळसा घालून येईपर्यंत ती पसार. ड्रायव्हरलाही आता छताखाली चौकटीत ओळीने चेहरे दिसत. त्याला वाटलं, कोणा पुढाऱ्यांच्या अभिनंदनाचा फलक लागलाय. मामांनी हात हलवला, तेव्हा त्याने अदबीने मान लववली आणि गिअर बदलला.

सत्काराचा हार गळ्यात घालून गुण्या घरी आला, तर मामा पिशवी रिकामी करून पलंगावर पसरलेले.

"मी ठरवलंय, जावईबापू," ते म्हणाले. "बस थांबेपर्यंत तुम्हाला सोडून जायचं नाही."

"साफ थाप," बाकाच्या त्या टोकाचे गृहस्थ इथे म्हणाले. "जायचंच असतं तर मामा बाहेर येऊन रस्त्यावर उभे राहिले असते. एवढं न कळण्याइतकं बिनडोक कोणी नसतं."

ते आम्हा सगळ्यांनाच पटलं. मांडीवरच्या पिशव्या सावरून, अधांतरी पाय हलवत, आम्ही पुन्हा छताखालच्या काचेतून आपली बस येतेय का ते बघू लागलो.