परबकाकांचं विरजण

आमच्या मजल्यावरचे परबकाका सकाळी उठले की माशांच्या टाकीपाशी जातात आणि माशांना सोडून फिल्टरची विचारपूस करतात. "काय मंडळी, बरे आसात मां?"

मंडळी म्हणजे फिल्टरच्या काळ्याकुट्ट स्पंजात राहणारे जिवाणू. "मासे काय, नुसते खातात नि हगतात," काका सांगतात. "ती घाण निस्तरतात हे. दिसत नाहीत, रजा मागत नाहीत. हे मेले तर मासे दोन दिवसांत गेले समज."

काका अंधेरीच्या एका औषधांच्या कारखान्यात फिटर होते. "तीस वर्षं जंतू मारणाऱ्यांची मशिनं दुरुस्त केली," म्हणतात, "आता पाळतोय."

दर दुसऱ्या रविवारी स्पंज साफ व्हायचा. त्याला साफ म्हणायचं का, हा प्रश्न होताच. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यात स्पंज हलक्या हाताने दोनदा पिळायचा. तोही अर्धाच. उरलेला अर्धा पुढच्या खेपेला. "आणि नळाखाली नाय! नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, मेल्या. सगळ्यांची वाट लागते."

एकदा सोसायटीच्या टाकीत जास्तीचं क्लोरीन टाकणार म्हणून नोटीस लागली. काकांनी तिच्याखाली पेनने लिहिलं, 'माझा विरोध आहे. माझ्या घरी लाखो जण राहतात.' सेक्रेटरी पोटभाडेकरू मोजायला वर आला.

मी छोटी टाकी घेतली तेव्हा काका आपल्या स्पंजाचा तुकडा वाटीत घालून घेऊन आले. "हे विरजण. तुझ्या फिल्टरात ठेव. दह्यासारखं लागेल हळूहळू." लागलंही. माझे मासे झकास राहिले.

मागच्या वर्षी काकांच्या मुलाचं, संदेशचं लग्न झालं. सून प्राजक्ता मुलुंडची. बोलकी, हसरी, हाताला उसंत नसलेली. महिनाभरात काका चार दिवस गावी गेले. परत आले तेव्हा त्यांची नारळांची गोणी वर आणायला मी सोबत होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

दार उघडताच प्राजक्ता म्हणाली, "बाबा, डोळे मिटा! आता उघडा. तुमचा स्पंज किती घाण झाला होता! काल भांड्यांच्या साबणाने तीनदा धुतला. बघा ना, कसा निळा झालाय!"

स्पंज मुळात निळा होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

टाकीतले मासे वर येऊन तोंडं उघडत-मिटत होते. मी गोणी खाली ठेवली. आता काका छप्पर उडवणार, अशी माझी खात्री होती.

काकांनी चपला काढल्या. "बरा केलंस गो," म्हणाले. "चाय टाकतंस?"

ती आत वळली आणि काका चपला न घालताच माझ्या घराकडे धावले. "सुनील, विरजण दे! लवकर!" मी माझा स्पंज अर्धा कापून दिला. काकांनी साबणाचा स्पंज गुपचूप काढून टाकला आणि माझा तुकडा बसवला. मग आठवडाभर त्यांना दुसरा उद्योग नव्हता. रोज थोडं पाणी काढायचं, रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन घालवलेलं पाणी भरायचं, माशांना चिमूटभरच खायला द्यायचं आणि येता-जाता टाकीत नाक घालून वास घ्यायचा. मोली जातीच्या दोन मासोळ्या गेल्या. बाकीचे आठ वाचले.

मोली गेल्या त्या दिवशी प्राजक्ता रडवेली झाली. "बाबा, असं कसं झालं हो?"

"माझीच चूक," काका म्हणाले. "गावाक जायच्या आदल्या दिवशी घाईत स्पंज नळाखाली धरलंय."

ही बातमी संध्याकाळपर्यंत तळमजल्याला पोचली. ज्या माणसाने वर्षानुवर्षं अख्ख्या बिल्डिंगला नळावरून झापलं, त्यानेच नळ सोडला! सेक्रेटरीने तर लिफ्टमध्ये हात जोडून विचारलं, "काय परब, लाखो जण कुठे गेले?" काका खो खो हसले. त्याला टाळीसुद्धा दिली.

मला राहवेना. गच्चीवर गाठून विचारलं, "काका, उगाच कशाला तुम्ही अंगावर घेतलंत? प्रेमाने समजावलं असतं तिला."

"समजावीन की. स्पंज कसा पिळायचा ते रविवारी दाखवणारच आहे." काका कठड्याला टेकले. "पण आल्या आल्या 'तू दोन मासे मारलेस' म्हटलं, तर ती ह्या घरात पुन्हा कशाला हात लावील काय रे?"

मीही त्यांच्या शेजारी कठड्याला टेकलो.

"काकी गेल्यापासून सात वर्षं संदेश आणि मी. तो मोबाइलमध्ये, मी टाकीसमोर. जेवताना वाढ म्हणायलाही तोंड उघडत नव्हतो. ही कपडे वाळत घालताना गाते, ऐकलंस? सूर नाय एक धड." काका हसले. "मी तेवढा वेळ पंखा बंद करून बसतो."