दिघीच्या मैदानावरचं मौन

"आज आपण जिंकणार! लिहून ठेव!" दाढीचा साबण गालावर तसाच असताना उद्धवरावांनी जाहीर केलं.

शालनबाईंनी देवापुढे निरांजन लावता लावता नुसती मान डोलावली. लिहायला त्यांची हरकत नव्हती, बोलायची मात्र सोय नव्हती. चातुर्मासातल्या दर रविवारी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत मौन, असा त्यांचा नेम होता. आणि तो नेम, सांगायलाही संकोच वाटतो, चक्क फुटबॉलसाठी होता!

त्याचं असं झालं. पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला. उद्धवराव वाईहून तिथे नोकरीला आले आणि कारखान्यातल्या मंडळींच्या 'जय बजरंग फुटबॉल क्लबा'च्या नादी लागले. पहिल्या वर्षी क्लबाने खडकीला ढाल जिंकली. तेव्हा पाठीराखे दोन ट्रक भरून जात. मग क्लब दापोडीला हरला, एक ट्रक कमी झाला. देहूरोडला हरला, उरलेल्या ट्रकाच्या सायकली झाल्या. पुढे तळेगाव झालं, लोणावळा झालं, घोरपडी झाली. ज्या गावाला जावं तिथे यजमानांना गोलांचा आहेर करून परत यावं! चांगले खेळाडू दुसरीकडे गेले. आता ज्याला सुटी असेल तो निळा सदरा चढवून उभा राही, त्यामुळे या रविवारची तोंडं पुढच्या रविवारी दिसत नसत. कायमचा असा एकटा कप्तान चिमाजी, गोलात उभा राहणारा. आणि पाठीराखे उरले तीन: उद्धवराव, फिटर रंगराव आणि दूध घालणारा कोंडीराम. बैलगाडी कोंडीरामची होती, म्हणून मैदानं अजून सुटली नव्हती.

"एवढी व्रतं करतेस, एखादं माझ्या क्लबासाठी कर की!" असं उद्धवराव आषाढात म्हणाले आणि बाईंनी मौन धरलं. तेव्हापासून दर रविवारी त्या नेमाने गप्प राहिल्या आणि क्लब नेमाने हरला.

आज चातुर्मासातला शेवटचा रविवार. सामना दिघीला, लष्कराच्या मैदानावर. "हाही हरलात तर क्लब बंद! मैदानात भेंडी लावीन," असं कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी बजावलं होतं.

"व्रत तुझं, तर फळ बघायलाही तूच हवीस!" म्हणत उद्धवरावांनी बाईंना गाडीत बसवलं.

भोसरीच्या अलीकडे एक बैल रस्त्यातच बसला. काही केल्या उठेना.

"त्येला बी कळतंय मालक, फुडं काय हाय त्ये!" कोंडीराम म्हणाला.

"अरे, शुभ बोल जरा!" रंगराव ओरडला.

बैलाची समजूत पटून गाडी दिघीला पोचली, तेव्हा सामना सुरू झाला होता. समोर निळे सदरे धावत होते. "आपली पोरं!" म्हणून तिघेही उड्या टाकून धावले.

"चिमाजी कुठं दिसत नाही रे?" रंगराव म्हणाला.

"शिफ्ट असेल. बदली गडी दिलाय!" म्हणत उद्धवराव आपल्या नेहमीच्या जागी, गोलाच्या मागे, जाऊन उभे राहिले. "डावीकडे! अरे उजवीकडे! पुढे ये! थांब!"

बाई सावकाश आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. परवाच त्यांनी क्लबाचे सगळे सदरे दुरुस्त केले होते. निळं कापड मिळेना, तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर आपल्या जुन्या चोळीच्या हिरव्या खणाचं ठिगळ लावलं होतं. त्या वेळी उद्धवराव समोरच होते, पण भाषण करत होते. आणि इथे तर एकाही पाठीवर ठिगळ नव्हतं!

बाईंनी नवऱ्याला हाताने बोलावून आपल्या पाठीकडे बोट केलं.

"पाठ दुखते? बैलगाडीत दुखणारच! परतताना टेकून बस."

बाईंनी चोळी चिमटीत धरून दाखवली.

"नवी हवी? घेऊ! आज जिंकलो तर दोन घेऊ!"

बाईंनी जोरजोरात नकाराचा हात हलवला.

"बरं, एकच घेऊ!"

तेवढ्यात निळ्यांनी गोल मारला! उद्धवराव वेडे झाले. बाईंनी खाली बसून धुळीत बोटाने लिहिलं, 'हे आपले नव्हेत'. तोवर दुसरा गोल झाला आणि रंगराव नाचत नाचत शेवटच्या शब्दावरून गेला. उद्धवरावांनी वाकून वाचलं, 'हे आपले'. त्यांचे डोळे भरून आले.

"होय गं! हे आपलेच!"

बाईंनी सूर्याकडे पाहिलं. अजून चांगला कासराभर वर होता. आता तोंड उघडावं तर चार महिन्यांचा नेम मोडला, आणि नेम मोडून क्लब बुडाला तर उभ्या जन्मात ऐकावं लागणार. न उघडावं तर नवरा परक्यांसाठी घसा फोडतोय! त्यांनी डोळे मिटले आणि सगळा भार मंगलमूर्तींवर टाकला.

निळे चार गोलांनी जिंकले. "बघा, हा गडी कसा माझं ऐकतो! चिमाजी कधी ऐकायचा नाही!" असं म्हणत उद्धवरावांनी घरून आणलेला हार गोलकीपरच्या गळ्यात घातला. रंगरावाने त्याला गुलालात बुडवलं, कोंडीरामने तोंडात पेढा कोंबला.

"आप लोग कौन हैं?" पेढ्यातून वाट काढत गोलकीपरने विचारलं.

एक मिशाळ हवालदार पुढे आला. "पाव्हणं, ही आमची पलटण. हा मद्रासकडचा गडी, मराठीचं अक्षर कळत न्हाई त्याला. तुमचं निळं तिकडं, बाभळीपल्याड."

उद्धवरावांचा चेहरा गुलालाखालीही पांढरा दिसला. "अरे देवा! तिकडे आपलं एकही माणूस नाही! संपला क्लब! लागली भेंडी!"

एवढ्यात बाभळीतून चिखलाने माखलेला चिमाजी नाचत आला. मागे गिरक्या घेणाऱ्या हिरव्या ठिगळांची रांग!

"जिंकलो, दादा! एका गोलानं! क्लब वाचला!"

"आम्ही नसताना?"

चिमाजी घुटमळला. "रागावू नका दादा. तुम्ही मागून डावीकडे-उजवीकडे ओरडता ना, तेव्हा माझा एक पाय तुमचं ऐकतो नि दुसरा माझं. आज पहिल्यांदा मला चेंडू दिसला!" मग तो बाईंकडे वळला. "वहिनी, पुढच्या मोसमाला तुमचं हे मौन दादांना द्याल का?"

परतताना भोसरीच्या घरांतून दिवे लागले. बाईंनी हात जोडले, नेम पुरा केला आणि हळूच म्हणाल्या, "मी केव्हाची सांगत होते."

उद्धवरावांनी तोंडावरचा गुलाल पुसला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, हे मौन धरायचं म्हणजे नेमकं करायचं काय?"

आता बोलायला मोकळीक होती. तरी बाईंनी हसून ओठांवर बोट ठेवलं.

उद्धवरावांनी ते बोट नीट निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"एक? म्हणजे एकच रविवार ना? हात्तिच्या! तेवढं जमेल!"