पाटीवर संपूर्ण नाव

गावाला सौंदर्य असतं, पण ते दिसायला समिती लागते. समितीअभावी कितीतरी गावं कुकडीच्या काठाने नुसतीच सुंदर पडून आहेत आणि त्यांची कुठे नोंद नाही. ओझरच्या वाटेवरच्या या गावाने ती चूक केली नाही. २००२ साली स्वच्छतेची तपासणी येऊन गेली, गावाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, आणि उत्तेजित झालेल्या गावाने लगोलग 'ग्रामसौंदर्य, फलक व दर्शनी भाग नियंत्रण समिती' स्थापन केली. रस्त्याकडेला पाटी लावायची असो, भिंत फोडून शटर बसवायचं असो, की नुसता ओटा उंच करायचा असो, समितीच्या मान्यतेशिवाय विटेला वीट लागणार नाही, असं ठरलं.

अध्यक्ष भगवंतनाना. सरपंचपद आरक्षणात गेल्यापासून त्यांच्याकडे वेळ होता आणि गावाला त्यांच्या वेळेची काळजी होती. दुसरे भरतशेठ, 'मोरया भोजनालया'चे मालक. त्यांच्या पाटीने अख्खा कडुनिंब झाकला होता आणि पाटीवरच्या गणपतीच्या डोळ्यांत रात्री लाल दिवे लागत, त्यामुळे पाट्यांचा प्रत्यक्ष अनुभव असलेले ते एकमेव सदस्य होते. तिसरे हायस्कुलातले चित्रकलेचे सुदर्शन सर; ते कलेच्या बाजूने. चौथ्या बयाबाई, महिला प्रतिनिधी. बैठकांना त्यांचे यजमान येत. (महिलांचं प्रतिनिधित्व करण्याची ही पद्धत आता सर्वत्र रुळली आहे.)

पहिल्या वर्षात समितीपुढे अठरा अर्ज आले. त्यांतले सतरा मंजूर झाले. एका शीतपेयाच्या कंपनीने शाळेची भिंत लालभडक रंगवली, तीही 'विद्यार्थ्यांना रंगज्ञान होईल' या शेऱ्यासह मंजूर झाली. एवढं औदार्य पाहिल्यावर समितीला संकुचित म्हणणं अन्यायाचं होईल.

उरलेला अर्ज द्रौपदाबाईंचा होता.

द्रौपदाबाईंचं घर गावाच्या शेवटी, वळणावर. नवरा चांगदेव एसटीत ड्रायव्हर. चांगदेवच्या डब्यातली मासवडी डेपोत इतकी नावाजलेली होती की डबा उघडला की चांगदेव सोडून सगळे जेवत. (मासवडीत मासा नसतो. समितीत सौंदर्य असेलच असं नाही, तसंच ते.) बेसन शिजवून ओल्या कपड्यावर थापायचं, वर तीळ, खोबरं, लसणाचं सारण पसरायचं आणि कपड्यासकट गुंडाळत जायचं. बाईंचा हात असा होता की कापलेल्या वडीत सारणाचा ठिपका कधी मधून हलला नाही. शेवटी डेपोतल्याच एका कंडक्टरने सुचवलं, "वहिनी, रस्ता दारात हाय. भोजनालय टाका की राव. चांगदेवला तरी जेवायला मिळंल."

मुलगी सासरी गेली होती. बाहेरची खोली रिकामीच होती. बाईंनी मनावर घेतलं. दर्शनी भिंत पाडून शटर, आत चार टेबलं, वर पाटी: निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'द्रौपदा भोजनालय'. रीतसर अर्ज केला आणि बैठकीला स्वतः जाऊन उभ्या राहिल्या.

समितीने अर्ज अत्यंत गांभीर्याने घेतला. शीतपेयाच्या अर्जाला चहा संपेपर्यंतचा वेळ लागला होता. इथे चहा दोनदा मागवावा लागला.

"रंग कोणता म्हणालीस?" नानांनी विचारलं.

"निळा."

नानांनी सुदर्शन सरांकडे पाहिलं. सरांनी खिडकीबाहेरच्या डोंगराकडे पाहिलं. निळा हा शीत रंग असून तो डोंगराच्या पार्श्वभूमीशी विसंगत ठरतो, असं मत त्यांनी कलेच्या बाजूने दिलं. डोंगरावरचं आभाळ निळंच होतं, पण ते समितीच्या हद्दीत येत नव्हतं. खताच्या दुकानाची, पंख्याच्या एजन्सीची आणि पतसंस्थेची पाटीही निळीच होती. परंतु ते कंपनीचे निळे होते आणि कंपनीच्या निळ्याला अर्थ नसतो.

"मग हिरवा लावते," द्रौपदाबाई म्हणाल्या.

हिरव्याचा भलताच अर्थ निघेल, असं भरतशेठ म्हणाले.

"पांढरा?"

"मळतो," नाना म्हणाले. त्यांनी आवाज मायाळू केला. "हे बघ द्रौपदे, रंग ही शेवटची गोष्ट. आपल्याला गिऱ्हाइकाची सोय बघायची आहे. शटर कशाला? भिंत पाडण्याचा खर्च नको. तिथं एक छानशी खिडकी ठेव. तू आतून दे, त्यांनी बाहेरून घ्यावं. आत यायची त्यांना तसदी नाही."

"आन् बसायचं कुठं त्यांनी?"

"गाडीत. गाड्या आता लई चांगल्या आल्यात."

पुढच्या बैठकीला एक सूचना वाढली. व्यवसायात पारदर्शकता यावी म्हणून पाटीवर मालकाचं संपूर्ण नाव, आडनावासह, ठळक लिहावं. द्रौपदाबाईंना अक्षरओळख चौथीपर्यंतची, पण समितीचं मराठी त्यांना पहिल्या वाक्यालाच समजलं होतं. त्यांनी पदर खोचला आणि विचारलं, "भरतशेठच्या पाटीवर तर आडनाव न्हाई."

"त्यांना सगळं गाव ओळखतं."

"मलाबी सगळं गाव ओळखतं, नाना."

"गाव ओळखतंच गं," नाना समजुतीने म्हणाले. "बाहेरच्यांना कळायला नको का?"

बयाबाईंच्या यजमानांनी घड्याळ पाहिलं आणि अर्ज स्थळपाहणीसाठी ठेवण्यात आला.

स्थळपाहणी चैत्रातल्या भर दुपारी झाली. जीप पंक्चर होती, म्हणून समिती पंचायतीपासून वळणापर्यंत चालत आली. बयाबाईंचे यजमान लग्नाला गेले होते, त्यामुळे नाइलाजाने बयाबाई स्वतः आल्या. सुदर्शन सरांनी टेपाने भिंत मोजली. भरतशेठ वास घेत होते. आत रस्सा उकळत होता आणि त्याच्या वासावर नियंत्रण ठेवणारा नियम अजून झालेला नव्हता.

द्रौपदाबाईंनी स्टीलच्या तांब्यात माठाचं पाणी आणलं. चार पेले ताटात मांडून पुढे केले.

"आत्ताच प्यायलो," नाना म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून मिशीत उतरत होता.

भरतशेठना बाहेरचं पाणी बाधत असे. (त्यांच्या भोजनालयात रोज शेकडो लोक बाहेरचंच पाणी पीत, पण ते बाहेरचे होते.) सुदर्शन सरांनी दोन्ही हातांत टेप धरला होता, कलेत हात गुंतले की असं होतं.

ताट तसंच राहिलं. चांगदेव त्या दिवशी सुटीवर होता. तो दारात उभा राहून ते पाहत होता. पंचवीस वर्षं त्याने याच माणसांना, त्यांच्या बायकापोरांना घाटातून सुखरूप आणलं होतं, आणि घाटात कुणी कधी त्याला संपूर्ण नाव विचारलं नव्हतं. तो बायकोच्या हातातलं ताट घ्यायला पुढे झाला.

तेवढ्यात बयाबाईंनी एक पेला उचलला आणि पिऊन टाकला. मग दुसरा उचलला. तोही पिऊन झाल्यावर पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "पाणी लई गार हाय गं. वाळा टाकतीस का?"

"व्हय," द्रौपदाबाई म्हणाल्या. "बसा की."

बयाबाई ओट्यावर बसल्या. त्यांना बसलेलं पाहून समिती उभीच अवघडली.

या पाहणीचा अहवाल संतुलित होता. ओट्याची उंची, भिंतीची जाडी, वळणावरची दृश्यमानता या सगळ्याची त्यात नोंद होती. शेवटी एक ओळ होती: 'पाहणीदरम्यान महिला सदस्या यांची प्रकृती बरी नव्हती.' ही ओळ बयाबाईंना नातसुनेने वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "माझी प्रकृती तवाच काय ती बरी व्हती," आणि समितीचा राजीनामा दिला. अंगठा नव्हे, सही. तेवढी सही त्यांना येत होती. आजवर तिची कुणाला गरज पडली नव्हती.

इकडे द्रौपदाबाई तीन रात्री चांगल्या झोपल्या नाहीत. चांगदेव म्हणाला, "सोड नाद. माझा पगार हाय." त्या म्हणाल्या, "तुमचा पगार तुमी खावा. मला मासवडी करायची हाय." चौथ्या दिवशी त्या बैठकीत गेल्या आणि बसायला कुणी सांगायच्या आत बयाबाईंच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या.

"संपूर्ण नाव लिवते," त्या म्हणाल्या. "माझं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं. तुमी म्हणताय त्याच्या दुप्पट मोठं. पण निळ्यावर. आन् खिडकी न्हाई, शटर."

समितीने आपसात हलक्या आवाजात विचार केला. संपूर्ण नाव लिहिल्यावर रंगाला फारसं महत्त्व उरत नाही, हे भरतशेठच्या प्रथम लक्षात आलं. नाव वाचल्यावर आत कोण येणार, आणि कोणी आत येणार नसेल तर शटर असलं काय नि खिडकी असली काय, हे नानांच्या लक्षात आलं. सुदर्शन सरांच्या लक्षात आलं की डोंगराच्या पार्श्वभूमीवर निळा तितकासा वाईट दिसत नाही. अठरावा अर्जही एकमताने मंजूर झाला आणि समितीच्या उदारतेचं प्रमाण शंभर टक्क्यांवर गेलं.

पाटी लागली. वळणाअलीकडूनच वाचता येईल एवढी. उद्घाटनाला डेपोतले सगळे आले, आणि त्या दिवशी चांगदेवला पुन्हा जेवायला मिळालं नाही.

त्यानंतर भोजनालय चाललं; नानांचा अंदाज अर्धाच खरा ठरला. ट्रकवाले थांबत, कारण ट्रकवाला पाटी वाचत नाही, वास घेतो. एसटीवाले थांबत. आळेफाट्याच्या बाजारातून परतणारे कांद्याचे टेम्पो थांबत. बयाबाई आठवड्यातून एकदा उघड उघड, शटरमधून आत येऊन, रस्त्याकडे तोंड करून जेवत.

चतुर्थीला मात्र ओझरच्या गणपतीला जाणाऱ्या पुण्यामुंबईकडच्या गाड्या येत. गाडी हळू होई. काच खाली येई. आतून कुणीतरी पाटी वाचे, पहिलं नाव, मधलं नाव, आणि मग शेवटचं. मग काच वर जाई आणि गाडी पुढे, गणपतीच्या लाल डोळ्यांखाली जाऊन थांबे. द्रौपदाबाई गल्ल्यावर बसून हे पाहत. मग उठून भाकरी थापायला घ्यायच्या. एकदा चांगदेवने विचारलं, "वाईट वाटतं का?" त्या म्हणाल्या, "वाचतात तरी. शिकल्याचा काहीतरी फायदा व्हायलाच पायजे."

एका अंगारकीला पहाटेच भरतशेठ मागच्या दाराने आले. त्यांचा आचारी पळून गेला होता आणि दुपारी तीन बसची मासवडी सांगितलेली होती.

"बाई, अडचण आलीय. तुमी करून द्या. माणूस पाठवतो, गपचूप घेऊन येईल."

समितीतल्या माणसाच्या तोंडून 'तुमी' द्रौपदाबाईंनी प्रथमच ऐकलं. त्यांनी स्टूल पुढे केलं. पाणीही आणलं. भरतशेठ ते प्यायले. पहाटे बाहेरचं पाणी बाधत नसावं.

"करून देते," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या पाटीवर खाली लिवा. मासवडी कुणाची ते. संपूर्ण नाव."

भरतशेठनी पेला खाली ठेवला. "त्याला समितीची मान्यता लागंल."

"तुमीच समितीत हाय न्हवं?"

"म्हणून तर अवघड हाय, बाई."

"मग मागचं दार लावून घ्या जाताना," द्रौपदाबाई म्हणाल्या. "पुढचं उघडंच हाय. तीन बस असतील तर तिकडनं येऊ द्यात."

त्या दिवशी 'मोरया'त तीन बसना पिठलं मिळालं. मासवडीचं विचारलं तेव्हा भरतशेठनी सांगितलं की आज बेसन चांगलं आलं नाही. एका बसमधले दोन म्हातारे मात्र पाय मोकळे करायला चालत वळणापर्यंत गेले, चष्मे विसरल्यामुळे पाटी न वाचता आत शिरले, पोटभर जेवले आणि आयुष्यात अशी मासवडी खाल्ली नव्हती म्हणाले. बाकीची बस हॉर्न वाजवत राहिली.

द्रौपदाबाईंचं भोजनालय अजून आहे. पाटीचा रंग उन्हाने विटला, तो त्या दर दोन वर्षांनी नव्याने देऊन घेतात. समितीही आहे आणि गावाचं सौंदर्य उत्तरोत्तर वाढतं आहे.

आता एक खुलासा. या हकिगतीत भगवंतनाना, भरतशेठ, सुदर्शन सर, बयाबाई असे बरेच लोक आले आणि त्यांच्यापैकी कुणाचंच आडनाव दिलेलं नाही. त्यावाचून कुणाचं काही अडलंही नसेल. पण पाटीवर नेमकं काय लिहिलं होतं, हे मधल्या कुठल्यातरी ओळीपासून जे वाचक मनातल्या मनात जुळवत आले आहेत, त्यांनी संकोच बाळगू नये. समितीत बयाबाईंची जागा अजून रिकामी आहे. अर्ज साध्या कागदावर चालेल, आणि तुम्हाला कुणी संपूर्ण नाव विचारणार नाही.